मातीत मुरणारे पाणी

मृग नक्षत्राची पहिली जोरदार सर येऊन गेली, म्हणजे नागपूर जिल्ह्यातील गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो: "पेरणी करावी काय?" वावर वरून काळेभोर दिसत असते, मातीचा गंध दरवळत असतो, शेजाऱ्याची तिफण बाहेर निघालेली असते. परंतु पाणी जमिनीत किती खोल गेले आहे, हे वरून दिसत नाही. आणि सारा हंगाम तर त्यावरच अवलंबून असतो. वरची चार बोटे ओली आणि खालची माती कोरडी, अशा स्थितीत पेरलेले बी उगवते खरे, पण पुढे आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की ते कोवळे अंकुर उन्हाने करपून जातात. मग दुबार पेरणी करावी लागते. ज्या कुटुंबाने बियाणे उधारीवर आणलेले असते, त्याच्या दृष्टीने पाणी मातीत कसे मुरते हा केवळ शास्त्राचा प्रश्न राहत नाही.

पाऊस पडला की पाणी जमिनीत आपोआप मुरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः काही माती पाणी झपाट्याने पिते, काही सावकाश पिते, आणि काही माती तर आरंभी पाण्यास आत घेण्याचेच नाकारते. हे असे का घडते, याचा विचार पुढे केला आहे. विषय गहन वाटला तरी त्यातील प्रत्येक गोष्ट शाळेच्या आवारात प्रत्यक्ष पाहता येण्याजोगी आहे.

पाण्यास ओढणाऱ्या दोन शक्ती

मातीत शिरणाऱ्या पाण्यावर प्रामुख्याने दोन शक्ती कार्य करीत असतात. पहिली गुरुत्वाकर्षणाची, ती पाण्यास खाली ओढते. दुसरी केशाकर्षणाची, ती पाण्यास खाली, वर, आडवे, ज्या बाजूस बारीक कोरडी छिद्रे असतील त्या बाजूस ओढते. कंदिलाच्या वातीतून तेल वर चढते, किंवा फळा पुसण्याच्या फडक्याचे एक टोक पाण्यात बुडविले असता सारे फडके हळूहळू ओले होते, ते या दुसऱ्या शक्तीमुळे.

छिद्र जितके बारीक, तितके केशाकर्षण अधिक. १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर चढते. मातीच्या कणांमधील पोकळ्या म्हणजे अशाच असंख्य वेड्यावाकड्या नळ्या होत. रेतीच्या कणांमधील पोकळ्या मोठ्या असतात; म्हणून रेतीतून पाणी वेगाने खाली जाते, पण तेथे टिकत नाही. चिकण मातीतील पोकळ्या अतिशय सूक्ष्म असतात. म्हणून ती पाणी घट्ट धरून ठेवते, पण पुढे जाऊ देण्यास विलंब लावते.

या वहनाचा नियम प्रथम फ्रान्समधील दिजाँ या नगरात सापडला. तेथील अभियंता आंरी दार्सी याने नगराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना रेतीने भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ साली ती प्रसिद्ध केली. रेतीच्या वरच्या व खालच्या टोकांच्या पाणपातळीतील फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. आणि रेतीचा थर जितका जाड, तितका प्रवाह कमी, असे त्यास आढळून आले. पाण्याने पूर्ण भरलेल्या रेतीस हा साधा नियम चांगला लागू पडतो. परंतु कोरड्या मातीत पाणी शिरते तेव्हा मामला इतका सरळ राहत नाही. कारण तेथे पोकळ्यांत आधीच हवा भरलेली असते, आणि कणांचा पाण्याशी असलेला स्नेहही सर्वत्र सारखा नसतो.

नागपूर जिल्ह्यातील जमिनी

नागपूर जिल्हा हा या अभ्यासास फार सोयीचा आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस, काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांत, दख्खनच्या काळ्या कातळाचा थर आहे आणि त्यापासून झालेली काळी जमीन आहे. पूर्वेकडे रामटेक, मौदा, कुही या बाजूस अधिक प्राचीन खडक असून तेथे धानाच्या बांध्या दिसतात. कामठीच्या आसपास वालुकाश्म आढळतो. भूशास्त्राच्या ग्रंथांत त्या थरांस कामठीचेच नाव मिळाले आहे. कन्हान नदीचे पात्र तर रेतीसाठीच प्रसिद्ध आहे.

शेतकऱ्यांनी या जमिनींस फार पूर्वीच नावे दिली. काळी, मोरंड, खरडी, बरडी आणि रेताळ जमिनीस रेतारी, ही नावे जुन्या जमाबंदीच्या कागदपत्रांतही नमूद आहेत. नाव घेताच त्या जमिनीत पाणी कसे वागेल, हे जाणत्या शेतकऱ्याच्या ध्यानी येते. मृदांच्या सर्वेक्षणासाठी १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूर येथेच आहे, हेही येथे सांगणे उचित होईल.

जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्याआधी मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. म्हणजे पहिल्या पावसास भेटणारी माती ही वर्षातील सर्वांत कोरडी माती असते. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

पाणी नाकारणारे कण

अळूच्या पानावर पडलेला थेंब पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहून घरंगळतो. अळवावरचे पाणी हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. अळूच्या पानावर मेणासारख्या पदार्थाचा सूक्ष्म लेप असतो, आणि पाणी त्यास चिकटण्याऐवजी स्वतःशीच जमून राहते. जो लेप पानावर असतो, तशा प्रकारचा लेप मातीच्या कणावर बसला तर काय होईल? केशाकर्षण उलटे होईल. जी छिद्रे एरवी पाण्यास आत ओढून घेतात, तीच त्यास बाहेर ढकलू लागतील.

निसर्गात असे घडते. झाडांचा पालापाचोळा, मुळे व बुरशी यांच्यापासून मेणचट पदार्थ निघतात आणि ते मातीच्या कणांवर बसतात. हा प्रकार रेताळ जमिनीतच विशेष का आढळतो, याचे कारण कणांच्या पृष्ठभागात आहे. एक ग्रॅम रेतीतील सर्व कणांचा एकत्रित पृष्ठभाग एका चौरस मीटरचा लहानसा अंशच भरतो; उलट काळ्या मातीत आढळणाऱ्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर, म्हणजे शाळेच्या अनेक वर्गखोल्यांच्या जमिनीएवढा भरू शकतो. वाटीभर तेलात एक पाट सहज माखता येईल, सारे अंगण माखता येणार नाही. तद्वतच थोडेसे मेण रेतीस पुरते, चिकण मातीस पुरत नाही.

पश्चिम व दक्षिण ऑस्ट्रेलियात अशा पाणी नाकारणाऱ्या रेताळ जमिनी लक्षावधी हेक्टरांवर पसरल्या आहेत. तेथे पाऊस पडूनही शेतात ओल व कोरडेपणा यांचे ठिपके पडतात आणि पीक विरळ उगवते. वणव्यानेही असाच परिणाम होऊ शकतो. पालापाचोळा जळताना त्यातील मेणचट पदार्थांची वाफ होते. त्या वाफेचा काही भाग मातीत शिरून थोड्या खोलीवरील थंड कणांवर गोठतो, आणि वरून न दिसणारा एक पाणी अडविणारा पडदा तयार होतो. पुढील पावसात त्या उतारावरून पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते व वरची माती घेऊन जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर विसाव्या शतकाच्या मध्यानंतर याचा बारकाईने अभ्यास झाला. विदर्भाच्या जंगलांतही मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे. ती का सोडावी, याचे हेही एक कारण विद्यार्थ्यांस सांगता येईल.

बोटांप्रमाणे पसरणारी ओल

पाणी नाकारणाऱ्या रेतीवर पाऊस पडत राहिला तर शेवटी काय होते? पाणी पृष्ठभागावर साचते. साचलेल्या पाण्याची उंची जसजशी वाढते, तसतसा त्याचा दाब वाढतो. मग जेथे पोकळी किंचित मोठी असेल किंवा लेप विरळ असेल, तेथे पाणी एकदम आत घुसते. एकदा वाट फुटली की भोवतालचे पाणी त्याच वाटेने धाव घेते. ओल सर्वत्र सारखी न उतरता हाताच्या बोटांप्रमाणे वेगवेगळ्या उभ्या पट्ट्यांतून खाली जाते, आणि दोन बोटांमधील माती कोरडीच राहते. नेदरलँड्समधील किनारपट्टीच्या वाळूत देक्कर व रित्सेमा या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस खड्डे खणून व ओलाव्याची बारीक मोजमापे घेऊन ही बोटे स्पष्टपणे दाखवून दिली.

या घटनेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ओली झालेली माती पाणी सहज स्वीकारते. कोरडी राहिलेली माती नाकारीतच राहते. त्यामुळे पुढचा पाऊसही बहुधा जुन्याच वाटेने जातो.

याचे परिणाम दुहेरी आहेत. पिकांच्या मुळांस पाणी मिळत नाही. आणि जे पाणी बोटांतून झपाट्याने खाली जाते, ते आपल्याबरोबर खते, घाण व रोगजंतू घेऊन गाळले न जाताच भूजलापर्यंत पोहोचू शकते. माती ही पाण्याची गाळणी आहे हे खरे. पण पाणी तिच्यातून सावकाश व सर्वत्र झिरपले तरच.

काळ्या जमिनीच्या भेगा

नागपूर भागातील काळी जमीन ही रेती नव्हे. तथापि पाण्याने सरळ मार्ग सोडून आडवाटेने जाणे हा प्रकार तिच्यातही घडतो, फक्त त्याचे कारण निराळे असते. काळ्या मातीतील चिकण द्रव्य ओले झाले की फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात वावरास भेगा पडतात. त्यांत मुलांचा हात सहज जावा इतक्या त्या रुंद असतात, आणि कित्येक ठिकाणी त्या जवळजवळ एक मीटर खोल जातात.

पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. अशा वेळी खाली ओल आणि वर ओल, पण मधली ढेकळे आतून कोरडी, अशी स्थिती दिसते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि जमिनीचे दार जणू बंद होते. त्यानंतर हीच जमीन ताशी एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वेगाने पाणी आत घेते. म्हणून श्रावणातील झडीत काळ्या वावरात पाणी तुंबून राहते, पऱ्हाटी पिवळी पडते, आणि वाफसा येण्यास बरेच दिवस लागतात. वाफसा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मातीतील मोठ्या पोकळ्यांतील पाणी निघून जाऊन तेथे हवा शिरली आहे आणि बारीक पोकळ्यांत मात्र पाणी शिल्लक आहे, ही मुळांस सर्वांत हितकर अशी अवस्था या एका शब्दाने सांगितली जाते.

शेतकऱ्यांच्या डवरणीमागेही हेच शास्त्र आहे. डवऱ्याने वरची माती भुसभुशीत झाली म्हणजे बारीक भेगा बुजतात, खालून वर येणाऱ्या केशनळ्या तुटतात आणि बाष्पीभवन कमी होते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे म्हणतात ते उगीच नव्हे.

जुना उपाय, नवा उपाय

पाणी नाकारणाऱ्या रेतीवर ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी शोधलेला एक प्रभावी उपाय म्हणजे खालच्या थरातील चिकण माती वर आणून रेतीत मिसळणे. चिकण मातीचे सूक्ष्म कण रेतीच्या मेणचट कणांवर बसतात आणि पाण्यास पुन्हा जागा मिळते. शिवाय अशी जमीन पाणी व खत अधिक काळ धरून ठेवते.

हा उपाय वाचताना विदर्भातील वाचकास गावच्या तलावाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. पूर्व विदर्भात पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव आजही आहेत. उन्हाळ्यात अशा तलावांतील गाळ काढून हलक्या व रेताळ वावरात पसरविण्याची रीत जुनी आहे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तिचे तत्त्व हेच आहे. गाळ काढल्याने तलावात पाणी अधिक साठते, आणि तोच गाळ हलक्या जमिनीस पाणी धरण्याचे सामर्थ्य देतो. मात्र भारी काळ्या जमिनीत गाळ घालून लाभ नाही. तेथे आधीच चिकण द्रव्य विपुल असते.

विहिरीसंबंधीही येथे एक सूचना आवश्यक आहे. उकिरडा व शौचकूप पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावेत, आणि जेथे जमीन रेताळ अथवा भेगाळ असेल तेथे हे अंतर वाढवावे. विहिरीस कठडा व भोवती पक्का ओटा असावा, म्हणजे वरचे पाणी आडवाटेने आत जाणार नाही.

वर्गात करावयाचे प्रयोग

*१. थेंबाची कसोटी.* विद्यार्थ्यांनी रस्त्यावरील धूळ, वावरातील माती, नदीची रेती, झाडाखालची माती व पाचोळा जळालेल्या जागेची माती असे नमुने आणावेत. ते सावलीत पूर्ण वाळवून, सपाट पसरून, प्रत्येकावर जवळून एक-एक थेंब सोडावा आणि तो आत शिरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. पाच सेकंदांच्या आत शिरला तर ती माती पाणी स्वीकारणारी समजतात. त्याहून अधिक वेळ लागला तर ती पाणी नाकारणारी. प्रत्येक नमुन्याची तीनदा परीक्षा घेऊन तक्ता करावा.

*२. मेणाची रेती.* हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. अर्धा किलो धुऊन वाळविलेली रेती घमेल्यात गरम करून विस्तवावरून खाली उतरवावी आणि तीत मेणबत्तीचा सुमारे ५ ग्रॅम कीस टाकून ढवळावे. रेती निवल्यावर एका काचेच्या बरणीत साधी रेती, आणि दुसरीत साध्या रेतीवर मेणाच्या रेतीचा थर भरावा. दोहोंत निळीचे पाणी हळूहळू ओतावे. पहिलीत ओलीची कड बरीचशी सारखी उतरेल. दुसरीत पाणी वर साचेल आणि मग एखाद्या ठिकाणी वाट फोडून खाली जाईल. उरलेल्या मेणाच्या रेतीत तिच्या दशांश वजनाची काळ्या मातीची भुकटी मिसळून, ती एकदा मळून, वाळवून पुन्हा थेंबाची कसोटी घ्यावी व आधीच्या वेळेशी तुलना करावी.

*३. कुंडीचा प्रयोग.* सुटीत पूर्णपणे वाळलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी एकदम ओतावे. माती आकसून कडेस फट पडलेली असल्याने पाणी त्या फटीतून तळाच्या छिद्रावाटे बाहेर येईल, आणि मधली माती उकरून पाहता कोरडीच आढळेल. तेवढेच पाणी थोडे-थोडे, थांबून-थांबून दिले असता काय फरक पडतो, ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे. शाळेच्या बागेतील रोपे नियमाने पाणी घालूनही का वाळतात, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांस येथे मिळेल.

पहिल्या पावसानंतरचे निरीक्षण

वरील सर्व विवेचनाचा खरा उपयोग जून महिन्यात आहे. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर एक लाख लिटर पाणी. ही संख्या मोठी वाटते. परंतु पूर्ण कोरड्या काळ्या मातीत तेवढ्या पावसाची ओल साधारण चार-पाच सेंटिमीटरच उतरते. रेताळ जमिनीत ती त्याच्या दुप्पट-अडीचपट खोल जाईल, पण तितक्याच लवकर उडूनही जाईल. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून कोरडवाहू पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात.

प्रत्येक शाळेने एक सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून पाऊस मोजावा. डब्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये फूटपट्टीने घेतली, की काम झाले. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी, शेतमालकाची परवानगी घेऊन, काळ्या, खरडी व रेताळ अशा तीन जागी खुरप्याने लहान खड्डे करावेत आणि ओल किती खोल गेली ते पट्टीने मोजावे. एकाच वावरात दोन-तीन ठिकाणी मोजणे विशेष अगत्याचे आहे. कारण पाणी सर्वत्र सारखे उतरत नाही, हाच या पाठाचा सारांश आहे. तारीख, पाऊस व ओलीची खोली यांचा तक्ता शाळेच्या दर्शनी फळ्यावर लावावा.

शाळेसमोरून वावराकडे जाणारा शेतकरी तो तक्ता वाचील. पोराने मोजलेली ओल खोटी ठरविण्यासाठी का होईना, तो आपल्या वावरात खुरपे घालून पाहील. ओल खाली गेलेली नसेल, तर तिफण दोन दिवस थांबेल, आणि घरातले बियाणे घरात सुरक्षित राहील.